सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही: इमोबिलायझर कसा चालतो आणि बिघाड कसा शोधायचा

सकाळी चावी फिरवली, सेल्फ जोमात फिरला, पण इंजिन पकडेना. आणि मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय. अशा वेळी धक्का मारायला माणसं गोळा करू नका. धक्का हा बॅटरी उतरल्यावरचा उपाय. इमोबिलायझरने, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने, अडवलेली गाडी उतारावरून सोडली तरी इंजेक्टर (इंजिनात इंधन सोडणारे भाग) उघडत नाहीत, कारण अडवणूक सेल्फची नसून इंधनाची असते. सारखा सेल्फ मारत राहण्यातही हशील नाही. दहा-बारा वेळा मारला की बॅटरी बसते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

याच्या उलट चूकही सर्रास होते. गाडी सुरू होत नाही, कारण सापडत नाही, मग खापर इमोबिलायझरवर फुटतं आणि थेट ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलायचा अंदाजखर्च हातात पडतो. खरं तर या साखळीत ईसीयू क्वचित बिघडतो. बिघाड बहुतेकदा चावीत, चावीभोवतीच्या कॉइलमध्ये, बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा कुणीतरी मध्येच घुसवलेल्या रिलेमध्ये (विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये) निघतो. म्हणून शोध चावीपासून सुरू करायचा आणि ईसीयूपर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचायचं.

चावीच्या डोक्यात काय असतं

चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक ट्रान्सपॉन्डर चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशन लॉकच्या तोंडाशी प्लास्टिकची एक कडी असते आणि त्या कडीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. इग्निशन ऑन केलं की कॉइलमध्ये साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यावरच चिप जागी होते आणि त्याच वाटेने उत्तर देते. हे क्षेत्र जेमतेम काही सेंटिमीटर पोहोचतं, म्हणून चावी लॉकमध्येच असावी लागते.

सुरुवातीच्या चिपा फक्त एक ठरलेला क्रमांक सांगायच्या. तो ऐकून नक्कल करणं सोपं होतं. नंतरच्या चिपा सांकेतिक हिशेब करतात. इमोबिलायझर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देते, आणि तेच गणित इमोबिलायझरने स्वतः केलेल्या उत्तराशी जुळवलं जातं. दर वेळी आकडा वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं. मग दुसरी ओळखपरेड होते: इमोबिलायझर, किंवा नव्या गाड्यांत त्याचं काम करणारा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल), इंजिनच्या ईसीयूला ‘चावी बरोबर आहे’ असं सांगतो आणि तेही सांकेतिक भाषेतच. हे सगळं सेल्फचा पहिला फेरा पुरा व्हायच्या आत उरकतं. यातली एक कडी जरी चुकली तरी ईसीयू इंजेक्टरला पल्स देत नाही. काही गाड्यांत इंधनपंप आणि सेल्फसुद्धा अडतो.

ही कल्पना तशी जुनी. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चावीत चिपेऐवजी एक साधा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) होता आणि त्या अडथळ्याची फक्त १५ ठरलेली मापं होती. मीटर आणि थोडा धीर असलेल्या चोराला तेवढं पुरायचं. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. सक्ती नसली की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच गाड्या चिपेविना साध्या चावीवर विकल्या गेल्या, चोरांनी ती उणीव हेरली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरचा उपाय जाहीर करावा लागला. आपल्याकडे मारुतीच्या गाड्यांवर ‘आयकॅट्स’चं स्टिकर दिसतं, ते याच यंत्रणेचं नाव.

चावीबाबत इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचे निम्मे घोळ तिच्यावरून होतात. दरवाजे उघडणारा रिमोट आणि इंजिनला परवानगी देणारी चिप ही दोन वेगळी कामं आहेत. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सेल लागतो. फिरवायच्या चावीच्या गाडीत रिमोटचा सेल मेला तरी इंजिन सुरू व्हायलाच हवं. ‘रिमोट चालतोय, म्हणजे चावी ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा, आणि ‘रिमोट मेला म्हणून गाडी सुरू होत नाही’ हाही.

दिव्याची भाषा

इग्निशन ऑन केल्यावर इमोबिलायझरचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझला तर चावी ओळखली गेली. इग्निशन ऑन असताना तो लुकलुकत राहिला तर चावी ओळखली गेली नाही किंवा ईसीयूशी बोलणं जुळलं नाही. होंडात हा दिवा हिरव्या चावीचा असतो, इतरत्र लाल किंवा पिवळा. गाडी बंद करून लॉक केल्यावर डॅशबोर्डवर लाल ठिपका सावकाश लुकलुकतो, तो बिघाड नव्हे. पहारा चालू असल्याची ती खूण आहे. नवी गाडी घेतलेले लोक त्यासाठी हमखास वर्कशॉपला फोन करतात.

फोर्डच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत हा दिवाच निदान सांगतो. इग्निशन ऑन ठेवलं की एक मिनिट तो भराभर लुकलुकतो आणि मग थांबून दोन अंकी कोड देतो: एक लुकलुक, विराम, तीन लुकलुकी म्हणजे १३. १३ म्हणजे चावीकडून काहीच उत्तर आलं नाही, १५ म्हणजे उत्तर आलं पण ही चावी गाडीच्या ओळखीची नाही, २१ म्हणजे दोनपेक्षा कमी चाव्या नोंदल्या आहेत. स्कॅनर (गाडीचे बिघाड-कोड वाचणारं यंत्र) नसेल तर वही-पेन घेऊन तेवढं मिनिटभर बसा.

दिवा वाचताना त्याच्या शेजारी इंजिनाचा पिवळा दिवाही बघा. इग्निशन ऑन केल्यावर तो पेटायलाच हवा. तो पेटलाच नाही आणि इमोबिलायझरचा दिवा मात्र लुकलुकतोय, तर ईसीयूला वीजच मिळत नसण्याची शक्यता मोठी. इमोबिलायझर ज्याच्याशी बोलू पाहतोय तोच झोपलेला आहे. अशा वेळी चावीवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. ईसीयूचा फ्यूज, मेन रिले आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी जोडणी) तपासा.

इमोबिलायझर की दुसरंच काही

लक्षणं तीन प्रकारची असतात. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. दुसऱ्यात इंजिन सुरू होतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं, दर वेळी तेवढ्याच वेळाने. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या आधीच्या पिढ्यांत इमोबिलायझर असाच अडवतो. तिसऱ्यात सेल्फच लागत नाही. फिरवायच्या चावीच्या गाडीत नुसतं ‘टक’ किंवा ‘टकटकटक’ ऐकू आलं आणि मीटरचे दिवे मंद झाले तर आधी बॅटरी; इमोबिलायझरचा विचार नंतर. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलाय ना, हे बघायला लाजू नका.

सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा बघा. तो २०० ते ३०० पर्यंत हलका उचलला गेला तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा) सिग्नल देतोय. काटा शून्यावरच पडून राहिला आणि इमोबिलायझरचा दिवा वेळेवर विझलेला असेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्या. काही गाड्यांचा काटा सेल्फच्या वेळी हलतच नाही. तिथे स्कॅनरवरचा आकडा बघावा. इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून इंधनपंपाची दोन सेकंदांची गुणगुण येते का, तेही ऐका. मात्र काही गाड्यांत इमोबिलायझर पंपही अडवतो, तेव्हा आवाज नाही म्हणजे पंप गेला असं समजून टाकी उतरवू नका.

दुसरी चावी आणा

सगळ्या तपासण्यांत सर्वांत निर्णायक आणि फुकटची तपासणी हीच. पण तिच्याआधी हातातली चावी जुडग्यातून मोकळी करा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर दोन्ही चिपा एकदम उत्तर देतात आणि कॉइलला एकीचंही धड ऐकू येत नाही. जाड धातूची कडी, चावीला चिकटलेला मोबाइल, गिअरजवळचं वायरलेस चार्जर हेही अडथळे. वायरलेस चार्जर १०० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, म्हणजे चिपेच्या शेजारीच. काचेवरच्या फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका. तो ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

मग इग्निशन पूर्ण बंद करून चावी बाहेर काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा घाला, ऑन करा आणि दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. घाईत एका झटक्यात चावी फिरवण्याची सवय असेल आणि बॅटरी आधीच अशक्त असेल, तर सेल्फच्या ओढीने व्होल्टेज इतकं पडतं की ओळखपरेडच अर्ध्यावर तुटते. तेवढ्यानेही काही गाड्या मुकाट सुरू होतात.

आता दुसरी चावी लावा. तिने गाडी सुरू झाली तर गाडी ठणठणीत आहे आणि दोष पहिल्या चावीत. दोन्ही चाव्यांनी दिवा लुकलुकत राहिला तर चाव्या विसरा. दोन चिपा एकाच दिवशी मरत नाहीत. पुढचा शोध कॉइल, वायरिंग आणि वीजपुरवठ्यात. दुसरी चावी सापडतच नसेल तर गाडी सुरू झाल्यावर पहिलं काम ती बनवून घेण्याचं, कारण शेवटची चावी हरवली की काम कितीतरी किचकट होतं.

चावी दोषी निघाली तर

‘काल चावीचं कव्हर बदललं आणि आज गाडी सुरू होत नाही’ ही गावोगावची तक्रार. दुकानदार जुन्या कव्हरमधून रिमोटची पट्टी आणि पातं काढतो, नव्यात बसवतो आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. चिप त्या कव्हरातच राहिलेली असते. ती रिमोटच्या पट्टीवर नसून कव्हरच्या खाचेत चिकटवलेली असते: कधी १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद आणि ३ जाड असा काळा ठोकळा, कधी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी. कव्हर बदलायला दिलं तर समोर उभं राहा आणि जुनं कव्हर परत मागून घ्या. काचेची चिप काढताना चिमट्याने दाबू नका, तडा गेला की ती संपली. नव्या कव्हरात ती त्याच जागी आणि त्याच दिशेने बसवा; सुटी खुळखुळत राहिली तर गाडी कधी सुरू होते, कधी नाही.

घडीच्या बऱ्याच चाव्यांत मात्र वेगळी चिप नसतेच; रिमोट आणि ट्रान्सपॉन्डर एकाच आयसीत, आणि शेजारी काळ्या चौकोनी तुकड्यात छोटी कॉइल. अशी चावी पडली की त्या कॉइलचा टाका सुटतो. भिंगातून बघा, टाक्याभोवती बारीक गोल भेग दिसते. चांगला मोबाइल दुरुस्तीवाला ती पाच मिनिटांत डागतो. चावी पॅन्टसकट धुतली गेली असेल तर सेल लगेच काढा, पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, दिवसभर सावलीत वाळू द्या. ड्रायरची कडक हवा किंवा ऊन नको.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या

इथे चावी खिशात असते, म्हणून सेल महत्त्वाचा. गाडीतले अँटेना कमी वारंवारतेने चावीला हाक मारतात आणि चावी ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. सेल कमजोर झाला की मीटरवर ‘की नॉट डिटेक्टेड’ येतं. पण या चाव्यांतही बिनबॅटरीची चिप राखीव ठेवलेली असते. टोयोटात चावीची चिन्हाची बाजू बटणाला टेकवायची, ह्युंदाईत चावीनेच बटण दाबायचं, काही गाड्यांत स्टिअरिंग कॉलमवर किंवा कप-होल्डरच्या तळाशी जागा ठरलेली असते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत असते. ते पान आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. अशा रीतीने गाडी सुरू झाली तर दोष सेलचा. बहुधा सीआर२०३२ असतो, काहींत सीआर२०२५ किंवा सीआर१६२०. जुन्या सेलवरचा क्रमांक वाचूनच नवा घ्या. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या किंचित वर दिसतो; २.८ च्या खाली उतरलेला बदलून टाका.

नवा सेल घालूनही चावी खिशातून ओळखली जात नाही, पण बटणाला टेकवली की गाडी सुरू होते, तर केबिनमधला एखादा अँटेना किंवा त्याचं कनेक्शन गेलेलं असू शकतं. गाडी एकाच ठराविक जागी, समजा मोबाइल टॉवरखाली किंवा एखाद्या मोठ्या साइनबोर्डशेजारी, त्रास देत असेल तर तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाचा परिणाम. गाडी पाच-दहा मीटर ढकला आणि पुन्हा बघा. धक्क्याचा उपयोग होतो तो इथे.

बॅटरी, फ्यूज, अर्थ

मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना मीटर बॅटरीलाच लावून ठेवा, आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ते शेवटी.

इंजिनाला आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी विसरू नका. तपासणी सोपी आहे: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्ची आहे. फ्यूजही नुसत्या नजरेने न बघता मीटरने बघा. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही.

‘बॅटरीची वायर काढून ठेवा, सगळं रीसेट होईल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. अडकलेलं मॉड्यूल दहा मिनिटं वायर काढल्याने भानावर येऊ शकतं. पण चाव्यांची नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असते. वायर काढून ती पुसत नाही आणि न ओळखलेली चावी ओळखीची होत नाही.

कॉइल

दोन्ही चाव्या नापास आणि बॅटरी पास, तर लॉकभोवतीची कडी. आधी आठवा: अलीकडे कुणी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं होतं का? लॉक बदललं, अलार्म बसवला, स्टिरिओच्या वायरी ओढल्या, अशा कामानंतर कनेक्टर अर्धवट बसलेला असतो किंवा कडी जागची सरकलेली असते.

कव्हर काढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून किमान तीन मिनिटं थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. कव्हर बहुधा खालून तीन स्क्रूंवर असतं. कडीला दोन वायरी असतील तर ती निव्वळ कॉइल आहे: कनेक्टर काढून ओहम मोजा. गाडीनुसार काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत आकडा येतो. मीटरने अनंत दाखवलं तर तार तुटली, जवळजवळ शून्य दाखवलं तर शॉर्ट. चार वायरी असतील तर कडीतच अँप्लिफायर आहे. तिथे ओहम मोजून काही कळत नाही. त्याऐवजी बॅटरी पुन्हा जोडून, इग्निशन ऑन करून, पुरवठ्याच्या वायरीवर व्होल्ट आणि अर्थ येते का ते बघा. चावीवाल्यांकडे कॉइल तपासायचं एक स्वस्त कार्ड असतं. ते कडीजवळ धरून इग्निशन ऑन केलं की त्याचा एलईडी क्षणभर चमकतो. नाही चमकला तर क्षेत्रच तयार होत नाही.

पावसाळ्यात या भागाकडे जास्त लक्ष द्या. मुंबईसारख्या ठिकाणी पाणी तुंबून केबिनमध्ये शिरलं की पायाशी बसवलेल्या बीसीएमच्या कनेक्टरवर हिरवे क्षार चढतात, आणि बिघाड पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. कोकणात खाऱ्या हवेने हेच काम सावकाश होतं. उंदरांचं तर विचारू नका. पावसात बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. वायरींच्या जाळ्याला लिंडी किंवा कापसाचे तुकडे दिसले तर तिथूनच सुरुवात करा.

स्कॅनर काय सांगतो

ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचा, स्वस्त ब्लूटूथ तुकडा बहुधा इंजिनाचे सर्वसाधारण कोडच वाचतो. इमोबिलायझर आणि बीसीएमच्या आत शिरायला त्या कंपनीचा किंवा चांगला बहुब्रँड स्कॅनर लागतो. गॅरेजमध्ये कोड लिहून मागा, नुसतं ‘इमोबिलायझरचा फॉल्ट आहे’ यावर विसंबू नका. पी०५१३ म्हणजे चावी चुकीची. पी०६३३ म्हणजे ईसीयूत चावीची नोंदच नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्क तुटला. हा वायरिंगचा किंवा विजेचा प्रश्न, चावीचा नव्हे. फोक्सवॅगन-स्कोडात पी१५७० म्हणजे इमोबिलायझरने इंजिन अडवलं. फोर्डमध्ये बी१६०० म्हणजे चावीचा सिग्नल आला नाही, बी१६०१ म्हणजे चुकीचा आला. पी०३३५ दिसला तर तो क्रँक सेन्सरचा, आणि मग इमोबिलायझर निर्दोष असण्याची शक्यता मोठी.

कोडपेक्षा ‘लाइव्ह डेटा’ जास्त बोलका. तिथे किती चाव्या नोंदल्या आहेत, आत्ता लावलेली चावी ओळखली का, इंजिनाला परवानगी मिळाली का, हे ‘हो’ किंवा ‘नाही’ असं दिसतं. चावी ओळखली आणि परवानगी मात्र नाही, असं असेल तर दोष इमोबिलायझर आणि ईसीयूच्या मधल्या रस्त्यात. कॅन (मॉड्यूलांना जोडणारी दोन वायरींची संदेशवाहिनी, म्हणजे बस) असलेल्या गाडीत बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजा: ६० आला तर बस ठीक, १२० म्हणजे एका टोकाचं टर्मिनेशन (टोकाला लावलेला रेझिस्टर) तुटलं, शून्याजवळ म्हणजे दोन वायरी चिकटल्या. गेटवे (सॉकेट आणि आतल्या वायरींमधलं मॉड्यूल) असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा फक्त सॉकेटपासून गेटवेपर्यंतचा असतो, हे ध्यानात ठेवा. स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर आधी पिन १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४-५ वर अर्थ बघा. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडात बाहेरचा स्टिरिओ मूळ कनेक्टरला थेट लावला की तो स्कॅनरशी बोलायची वायर (के-लाइन) अडवतो. स्टिरिओचा प्लग काढा आणि पुन्हा बघा.

बाहेरून बसवलेले अलार्म आणि ट्रॅकर

कंपनीचा इमोबिलायझर ठीक आहे, दिवा वेळेवर विझतो, कोड नाही, तरी गाडी मध्येच सुरू होत नाही? डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. काळ्या टेपने गुंडाळलेला जोड, पाच पिनांचा रिले आणि तिथून जाणारी पंपाची किंवा सेल्फची कापलेली वायर सापडली, तर चोर तिथे आहे. अलार्म आणि इंजिन-कटवाले जीपीएस ट्रॅकर असेच बसवले जातात. जुन्या मालकाने बसवलेल्या ट्रॅकरची नव्या मालकाला कल्पनाही नसते.

रिलेच्या ८५ आणि ८६ पिनांमध्ये कॉइल असते, १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ७० ते १०० ओहमची. वीज नसताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, वीज दिली की ३० आणि ८७. कट-ऑफ नेहमी ३० आणि ८७ए मधून नेलेला हवा, म्हणजे रिले किंवा ट्रॅकर मेला तरी गाडी चालू राहते. ३० आणि ८७ मधून नेला असेल तर ट्रॅकरची वीज गेली की हमरस्त्यावर चालती गाडी बंद पडेल. ही जोडणी धोकादायक आहे, ती तशी ठेवू नका. पिळून टेप लावलेले जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. नको असलेली यंत्रणा काढायची असेल तर मूळ वायर पूर्ववत जोडणं हाच खरा उपाय. गाडीवर कर्ज असेल आणि ट्रॅकर कर्जदात्याचा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

भंगारातला ईसीयू

जुन्या बाजारातला तंतोतंत त्याच क्रमांकाचा ईसीयू लावला तरी गाडी सुरू होणार नाही, कारण त्याच्या मेमरीत दुसऱ्याच गाडीची ओळख आहे. तो ‘व्हर्जिन’ (जुनी नोंद पुसून कोरा) करून किंवा मूळ ईसीयूमधली नोंद त्यात उतरवून जुळवावा लागतो, त्यासाठी गाडीचा पिन (गुप्त क्रमांक) लागतो. पिनाचे प्रयोग करू नका. ह्युंदाईत तीनदा चुकला की ईसीयू तासभर कुलूप लावून बसतो. म्हणून मूळ ईसीयू मेलेला वाटला तरी मेकॅनिककडे सोडून येऊ नका. त्यातली नोंद बहुधा वाचता येते.

‘इमोबिलायझर कायमचा काढून टाकतो’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. बिघाड कॉइलमध्ये किंवा टर्मिनलवर होता तो तिथेच राहतो, गाडी मात्र तारा जोडून नेण्याजोगी होते, आणि चोरीचा दावा करताना विमा कंपनीसमोर उत्तर देणं अवघड जातं.

नवी चावी करताना

दोन रस्ते आहेत आणि दुकानदार कोणता वापरतोय ते विचारा. क्लोन म्हणजे जुन्या चिपेची हुबेहूब नक्कल. गाडीला ती जुनीच चावी वाटते. प्रोग्रॅम केलेली चावी गाडीत स्वतंत्र नोंदली जाते. बहुतेक गाड्यांत ४ ते ८ चाव्यांची जागा असते. चावी हरवली किंवा चोरीला गेली असेल तर क्लोन नको, कारण नक्कल केल्याने हरवलेली चावी रद्द होत नाही. तेव्हा सगळ्या नोंदी पुसून उरलेल्या चाव्या नव्याने नोंदवा आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. घरी राहिलेली चावी नंतर गाडी ओळखणार नाही. काम झाल्यावर स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या स्वतः बघा. दोन हव्यात आणि तीन दिसतायत, तर तिसरी कुठे आहे ते विचारा.

अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि चावी हरवली असेल तर पोलिसांकडच्या नोंदीची प्रत मागतात. ती नोंद विम्यासाठीही जपून ठेवा, कारण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. त्यामुळे मेलेली, फुटलेली मूळ चावीसुद्धा फेकायची नाही. आरसीच्या फायलीत पाकिटात घालून ठेवा. नव्या गाडीच्या चाव्यांना धातूचा किंवा प्लास्टिकचा छोटा बिल्ला लटकवलेला असतो, त्यावर पातं कापायचा क्रमांक असतो. तो चावीलाच लटकवून फिरू नका. क्रमांक दोन ठिकाणी लिहून घ्या आणि बिल्ला त्याच पाकिटात टाका.